घरांतील शास्त्र : तांबड्या कांचेंतील सोनें

गेल्या महिन्यांत टपालानें आमच्याकडे एक पत्र आलें. पत्र लिहिणाऱ्या भगिनी वयानें आमच्याहून वडील असाव्यात, असें त्यांच्या अक्षराच्या वळणावरून वाटतें. त्यांच्या जुन्या वाड्याच्या जागीं लवकरच नवी इमारत उभी राहावयाची आहे, आणि त्यापूर्वीं घरांतील वस्तूंची वांटणी चालली आहे. भांडींकुंडीं वांटलीं गेलीं, पाट-चौरंग वांटले गेले, जुन्या पोथ्यांनाही धनी मिळाले. अडलें तें एका वस्तूपाशीं. माजघराच्या तुळईस तांबड्या कांचेची एक हंडी टांगलेली आहे. ती ह्या बाईंच्या सासऱ्यांनीं मुंबईहून आणली. गौरीगणपतींच्या दिवसांत तींत दिवा लावावयाचा, आणि लावतांना "ही साधी कांच नव्हे, सोन्याची कांच आहे, जपा," असें सर्वांस बजवावयाचें, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता.

आतां बाईंच्या धाकट्या दिरांचें म्हणणें असें कीं, हंडींत सोनें असेल तर तें अजमासून वांटणीच्या हिशोबांत धरावें. थोरल्या पुतण्याचें म्हणणें असें कीं, कांचेंत कधीं सोनें असतें काय? ही बाजारांतली रंगीत हंडी आहे, मोडींत घालून मोकळें व्हावें. तिसऱ्या कोणीं, कांठाचा एक टवका काढून सोनारास दाखवावा, अशी तोड सुचविली आहे. पत्राच्या अखेरीस बाई लिहितात : "हंडी कोणाकडे जावी, हें मी आपणांस विचारीत नाहीं. मामंजी उभ्या जन्मांत कधीं खोटें बोलले नाहींत. त्यांचें हें एक बोलणें खरें होतें कीं नव्हतें, एवढें मला कळलें म्हणजे झालें."

ह्या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत देतां आलें असतें तर आम्हीं तें उलट टपालींच धाडलें असतें. परंतु कांचेंत सोनें असतें म्हणजे काय असतें, तें कोणत्या रूपानें राहतें आणि कोठून येतें, हें सांगितल्यावांचून नुसत्या 'होय'नें किंवा 'नाहीं'नें कोणाचेंच समाधान होणार नाहीं. आणि असा प्रश्न आमच्या इतरही कित्येक वाचकांच्या घरीं तुळईस टांगलेला असेल. म्हणून आजचें सदर आम्ही ह्या हंडीस वाहिलें आहे. तोंपर्यंत आमची एकच विनंती : कृपा करून कोणीं टवका काढूं नये.

प्रथम आपण स्वयंपाकघरांत जाऊं. लोणी कढवून उतरलेलें तूप आपोआप, सावकाश निवूं दिलें तर रवाळ होतें आणि त्याची कणी मोठी पडते. तेंच पातेलें थंड पाण्यांत ठेवून झटपट निवविलें तर कणी बारीक राहते. तूप एकच, कढविणारी एकच. फरक पडला तो केवळ निवण्याच्या गतीनें. ज्या घरांत रवाळ तुपाची आवड आहे, त्या घरांतील कोणत्याही गृहिणीस हें सांगावयास नको. द्रवांत विरघळलेला किंवा वितळलेला पदार्थ कण धरूं लागला म्हणजे त्यास दोन गोष्टी कराव्या लागतात. आधीं कोठें तरी बीज धरावयाचें, आणि मग त्या बीजाभोंवतीं वाढावयाचें. बीजें पुष्कळ पडलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास थोडा पदार्थ येऊन कण बारीक राहतात. बीजें थोडीं पडलीं तर कण मोठे होतात. खडीसाखर करणारा पाकांत दोरा सोडतो, तोही साखरेस बीज धरावयास जागा मिळावी म्हणूनच.

आतां कांचेकडे वळूं. तांबडी कांच करणारा कारागीर सोन्याचा वर्ख कांचेवर लावीत नाहीं, कीं सोन्याचा चुराही तींत घालीत नाहीं. नायट्रिक व हायड्रोक्लोरिक ह्या दोन अम्लांच्या मिश्रणांत, ज्यास 'अम्लराज' असें यथार्थ नांव आहे, तो सोनें विरघळवितो. हें पाणी तो वाळू, क्षार आणि पुष्कळदां शिशाचा शेंदूर ह्यांच्या मिश्रणांत कालवितो. शिवाय थोडें कथील असेल तर काम अधिक चांगलें साधतें. मग तें सर्व मिश्रण सुमारें १४०० अंश सेल्सियस उष्णतेच्या भट्टींत वितळवितात. सोन्याचें प्रमाण किती असावें? दहा हजार भाग कांचेस एक-दोन भाग सोनें पुरतें. ह्या प्रचंड उष्णतेंत सोन्याचे अणु एकमेकांपासून सुटून, गर्दींत चुकलेल्या मुलांसारखे, कांचेच्या रसांत एकेकटे पांगतात. हा रस फुंकून त्याचें भांडें केलें व तें लौकर निवूं दिलें, तर हातीं काय येतें? तांबडी कांच नव्हे. पाण्यासारखी स्वच्छ, फार तर किंचित् पिंवळसर कांच येते. सोनें तींत आहे, परंतु त्याचा मागमूस नाहीं.

कारागिराची खरी कसोटी ह्यापुढें लागते. तें निवालेलें, बेरंग भांडें तो पुन्हां भट्टींत घालतो; मात्र ह्या वेळीं आंच मध्यम असते, साधारण ५०० ते ७०० अंशांची. कांच ह्या आंचेंत वितळत नाहीं, आपला आकार सोडीत नाहीं, परंतु आंतून किंचित् सैल होते. थोड्या वेळानें त्या स्वच्छ कांचेंत लाली उगवूं लागते, आणि पाहतां पाहतां भांडें डाळिंबाच्या दाण्यासारखें लाल होतें. पहिल्या आंचेनें जें झालें नाहीं, तें दुसऱ्या, सौम्य आंचेनें झालें.

येथें चौकस वाचक विचारील कीं, हें तुपाच्या उलट कसें? तूप निवतांना कणी धरतें, आणि कांच तापवितांना कण धरते! ह्यांतील विरोध वरवरचा आहे. निवालेल्या कांचेंत सोन्याचे अणु एकत्र यावयास उत्सुकच असतात, कारण कांचेंत विरघळून राहणें त्यांस मानवत नाहीं. परंतु थंड कांच इतकी घट्ट असते कीं त्यांस जागचें हलतां येत नाहीं. भट्टीच्या १४०० अंशांत हलतां येतें, पण त्या उष्णतेंत ते एकत्र टिकत नाहींत. मधल्या आंचेंतच दोन्ही गोष्टी जुळून येतात : एकत्र येण्याची ओढ असते आणि वाट चालण्यापुरती मोकळीकही असते. कथिलासारखे पदार्थ सोन्यास त्याचें धातुरूप परत मिळवून देण्यास साह्य करतात. मग कांहीं अणु मिळून बीज होतें, आणि त्या बीजाशीं भोंवतालचे अणु एकेक येऊन मिळतात.

हे कण किती लहान असतात, त्याची कल्पना करून पाहूं. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. उत्तम तांबड्या कांचेंतील सोन्याचा कण बहुधा पांच-दहा ते पन्नास-साठ नॅनोमीटर व्यासाचा असतो. वीस नॅनोमीटरचा कण घेतला तर माणसाच्या एका केसाच्या जाडींत असे चार हजार कण ओळीनें बसतील. आणि तरीही एवढ्याशा कणांत सोन्याचे सुमारें अडीच लक्ष अणु नांदत असतात.

सोनें पिंवळें असतां त्याचे कण कांचेस तांबडा रंग कां देतात? धातूंत इलेक्ट्रॉन मोकळे असतात. सोन्याच्या लगडींत त्यांस हिंडावयास विस्तीर्ण अंगण आहे. परंतु वीस नॅनोमीटरच्या कणांत ते कोंडलेले असतात. प्रकाशाची लाट येऊन त्या कणावर आदळली म्हणजे आंतील सर्व इलेक्ट्रॉन एका दमांत इकडून तिकडे हेलकावे घेऊं लागतात. घरच्या झोपाळ्यास त्याच्या स्वतःच्या लयीनें झोका दिला तर तो उंच चढतो, भलत्याच लयीनें दिला तर अडखळतो. सोन्याच्या ह्या बारीक कणांची लय हिरव्या प्रकाशाच्या लयीशीं जुळते. हिरवा प्रकाश त्यांच्या हेलकाव्यांत खर्ची पडतो, तांबडा निर्वेध पार होतो, आणि म्हणून दिव्यासमोर धरलेली कांच आपणांस लाल दिसते.

ह्यावरून हेंही ध्यानांत येईल कीं, रंग जसा सोन्याच्या वजनावर अवलंबून आहे, तसाच तें सोनें किती मोठ्या कणांत जमलें आहे ह्यावरही आहे. अणु एकेकटे पांगलेले असले तर रंग नाहीं. ते बेतानें एकत्र आले तर माणकाची लाली. आंच जास्त झाली किंवा भांडें भट्टींत अधिक वेळ राहिलें, तर लहान कण मोठ्या कणांत विलीन होतात, कांच जांभळट होते, शेवटीं मळकट व तपकिरी होऊन सर्व शोभा जाते. सोनें तेवढेंच, कांच तेवढीच. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस येथें दुसरें कांहीं आठवल्यास आम्ही त्यांस दोष देणार नाहीं.

ही विद्या नवी नव्हे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें चौथ्या शतकांतील एक रोमन चषक आहे. त्यावर लायकर्गस राजाची कथा कोरलेली असल्यामुळें तो त्याच्या नांवानें ओळखला जातो. प्रकाश समोरून पडला तर तो चषक हिरवा दिसतो, आणि आंत दिवा ठेवला तर लाल होतो. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्याच्या एका कणभर तुकड्याची इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखालीं परीक्षा झाली. तेव्हां आढळलें कीं, त्या कांचेंत रुपें व सोनें ह्यांच्या मिश्रणाचे ५० ते १०० नॅनोमीटरचे कण आहेत. दहा लक्ष भाग कांचेंत रुप्याचे सुमारें ३३० आणि सोन्याचे अवघे ४० भाग! रोमन कारागिरांनीं ही कृति लिहून ठेवली नाहीं, आणि ती त्यांच्याबरोबरच गेली.

सतराव्या शतकांत युरोपांत ती पुन्हां उगवली. १६१२ सालीं फ्लोरेन्स येथें छापलेल्या अंतोनियो नेरी ह्याच्या कांचविद्येवरील ग्रंथांत सोन्यापासून तांबडी कांच होते असा उल्लेख आहे. पुढें सोन्याच्या पाण्यांत कथिलाचें क्षारजल मिसळून जांभळें चूर्ण करण्याची रीत निघाली. आंद्रेयास कॅसियस ह्याच्या १६८५ च्या ग्रंथावरून त्या चूर्णास त्याचें नांव पडलें. हें चूर्ण वापरून योहान कुंकेल ह्या जर्मन रसायनवेत्त्यानें पोट्सडाम येथें माणकासारखी कांच मोठ्या प्रमाणावर केली. ब्रांडेनबुर्गच्या अधिपतीनें त्यास प्रयोगांकरितां एक अख्खें बेट दिलें होतें. कुंकेलनें आपली कृति मात्र अखेरपर्यंत गुप्त ठेविली. कारागिराच्या पोटाचा प्रश्न होता, हें खरें. परंतु झांकून ठेवलेल्या विद्येनें 'कसें' तेवढें राहतें, 'कां' हा प्रश्न विचारलाच जात नाहीं, आणि 'कां' कळल्यावांचून विद्या पुढें सरकत नाहीं.

तो प्रश्न विचारला मायकेल फॅरडे ह्यानें. १८५७ च्या फेब्रुवारींत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें दिलेल्या व्याख्यानांत त्यानें सोनें व प्रकाश ह्यांच्या संबंधाचा ऊहापोह केला. त्यानें सोन्याच्या पाण्यावर फॉस्फरसची क्रिया घडवून माणकासारखे लाल द्रव तयार केले होते. ह्या लाल द्रवांत व तांबड्या कांचेंत सोनें धातुरूपानेंच, परंतु अतिसूक्ष्म कणांत आहे, असें त्यानें प्रतिपादन केलें. ते कण त्याच्या काळच्या कोणत्याही सूक्ष्मदर्शकास दिसणारे नव्हते; अनुमानाच्या बळावर तो तेथवर पोहोंचला. त्यानें केलेल्या अशा द्रवांच्या कांहीं बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अद्याप जपून ठेवलेल्या आहेत. पुढें येना येथील कांच-कारखान्यांत काम केलेल्या रिचर्ड झिग्मंडी ह्यानें झीडेनटोफ ह्या सहकाऱ्याच्या साह्यानें १९०३ च्या सुमारास अतिसूक्ष्मदर्शक सिद्ध केला. कवडशांत धूळ चमकावी त्याप्रमाणें तांबड्या कांचेंतील सोन्याचे कण त्यांत ठिपक्यांसारखे चमकतांना दिसले. १९०८ सालीं गुस्टाफ मी ह्यानें त्यांच्या रंगाचें गणित मांडलें; झिग्मंडीस १९२५ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. कुंकेलच्या बेटापासून येथवर यावयास सव्वादोनशें वर्षें लागलीं.

येथपर्यंतची कथा शोभेच्या वस्तूंची झाली. परंतु कांचेंत धातूचे कण उगविण्याची ही युक्ति पुढें एका अगदीं निराळ्या पदार्थास जन्म देती झाली, आणि तो पदार्थ आतां पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत येऊन बसला आहे. अमेरिकेंतील कॉर्निंग येथील कांच-कारखान्यांत डोनाल्ड स्टूकी नांवाचे संशोधक काम करीत असत. त्यांनीं छायाचित्राप्रमाणें प्रकाशास प्रतिसाद देणारी कांच तयार केली. तींत अल्प प्रमाणांत सोनें किंवा रुपें आणि सीरियम हें द्रव्य असे. अशा कांचेवर अतिनील किरण पाडले म्हणजे सीरियमपासून इलेक्ट्रॉन सुटतात व ते धातूच्या अणूंस मिळतात. डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं. परंतु ती कांच भट्टींत मध्यम आंचेवर तापविली कीं जेथें जेथें किरण पडले होते, तेथें तेथें धातूचे कण जमतात आणि चित्र उमटतें. प्रकाशानें बीजाची जागा नेमून द्यावयाची, आणि उष्णतेनें तें वाढवावयाचें, अशी ही दुहेरी योजना.

स्टूकी ह्यांनीं ह्याच तत्त्वावर लिथियमयुक्त कांच केली. तींत रुप्याचे कण उगवले म्हणजे त्या कणांच्या आधारानें खुद्द कांचेचेच स्फटिक वाढूं लागतात. पाकांत खडीसाखरेच्या दोऱ्याचें जें काम, तेंच येथें रुप्याच्या कणांचें. १९५३ च्या सुमारास त्यांनीं अशा कांचेची एक पट्टी ६०० अंशांवर तापविण्याकरितां भट्टींत ठेविली. भट्टीचें नियंत्रण बिघडलें आणि उष्णता ९०० अंशांपर्यंत चढली. पट्टी वितळून भट्टीच्या तळाशीं चिकटली असेल, अशा समजुतीनें त्यांनीं दार उघडलें. पाहतात तों पट्टी जशीच्या तशी, मात्र दुधासारखी पांढरी झालेली. चिमट्यानें बाहेर काढतांना ती हातून निसटून जमिनीवर पडली. कांच पडली म्हणजे फुटावयाची; पण ही पट्टी धातूसारखी खणखणली आणि अभंग राहिली. रुप्याच्या बीजांभोंवतीं सबंध कांचेंत इतके स्फटिक दाटले होते कीं तडा पुढें सरकावयास त्यांस वाटच सांपडेना.

ह्या पदार्थास ग्लास-सिरॅमिक म्हणतात : जन्मानें कांच, परंतु उष्णतेच्या संस्कारानें आंतून बहुतांशीं स्फटिकरूप झालेला. पुढें बीज म्हणून रुप्याऐवजीं टायटॅनियमच्या भस्माचा उपयोग होऊं लागला, आणि १९५८ पासून थेट शीतपेटींतून तापलेल्या भट्टींत ठेवलीं तरी न तडकणारीं पांढरीं भांडीं अमेरिकेंतील बाजारांत आलीं. आज विजेच्या कांहीं शेगड्यांचा काळा, गुळगुळीत पृष्ठभाग ह्याच कुळांतला आहे. मोठमोठ्या दुर्बिणींचे आरसेही अशाच पदार्थाचे करतात, कारण थंडी-उष्णतेनें तो जवळजवळ प्रसरण पावत नाहीं. अलीकडे संशोधक कांचेंत व ग्लास-सिरॅमिकमध्यें सोन्याचे, रुप्याचे, तांब्याचे कण हेतुपूर्वक उगवितात. त्यांच्या सान्निध्यांत एर्बियम किंवा युरोपियम ह्यांसारख्या द्रव्यांचा प्रकाश अधिक उजळतो काय, हें ते पाहतात. आपल्या देशांत १९५० सालीं स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या केंद्रीय कांच व सिरॅमिक संशोधन संस्थेंत असें काम झालेलें आहे. सर्वांच्या हातीं साधन एकच : आंच किती आणि किती वेळ.

आतां हंडीकडे परत येऊं. बाईंनीं पत्रांत तिचें वर्णन सविस्तर केलें आहे, ह्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों. हंडीचें वजन दीड किलोच्या आसपास आहे. रंग डाळिंबी असून त्यांत गुलाबी-जांभळट झांक आहे. कोरलेलीं फुलें पांढरीं दिसतात, आणि कांठाकडून पाहिलें असतां आंत स्वच्छ कांच व वर तांबडा पापुद्रा स्पष्ट दिसतो.

तांबडी कांच मुख्यतः तीन प्रकारची असते : सोन्याची, तांब्याची आणि सेलेनियमची. तिघींचीही लाली आंचेवरच उमलते. सेलेनियमची कांच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून प्रचारांत आली. तिचा रंग झगझगीत, नारिंगीकडे झुकणारा असतो, आगगाडीच्या तांबड्या दिव्यासारखा. गुलाबी-जांभळट झांक ही सोन्याची ओळख समजली जाते. महाग व गडद कांचेचा पातळ पापुद्रा स्वच्छ कांचेवर चढविण्याची चाल सोन्याच्या कांचेसही लागू आहे. मात्र तांब्याच्या कांचेचेही असेच पापुद्रे करीत असत. म्हणून बाईंनीं दिलेली साक्ष सोन्याच्या बाजूची आहे, सिद्धता नव्हे. सिद्धता हवी असल्यास क्ष-किरणांच्या यंत्रानें कांचेंतील द्रव्यें ओळखतां येतात, आणि त्याकरितां टवका तर राहोच, ओरखडाही काढावा लागत नाहीं. सोनाराच्या कसोटीचा येथें कांहीं उपयोग नाहीं. कांचेंत कोंडलेले ते कण दगडावर रेघ ओढीत नाहींत.

आतां वांटणीचा हिशोब. हंडी सोन्याचीच आहे असें धरूं. तांबडा पापुद्रा सबंध वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे दीडशें ग्रॅम मानूं. पापुद्र्याच्या कांचेंत सोनें अधिक घालतात म्हणून सढळ हातानें दहा हजारांत पांच भाग धरूं. एकूण सोनें भरतें पाऊण दशांश ग्रॅम! जुन्या मापानें तोळ्याच्या ९६ गुंजा; त्यांतील एक गुंजही पुरी होत नाहीं. तेंही काढावयाचें तर हंडीचा चुरा करून कांच तीव्र अम्लांत विरघळवावी लागेल, आणि त्या खटाटोपाचा खर्च निघालेल्या सोन्याच्या कित्येक पट होईल. तेव्हां धाकट्या भावोजींस आमचें नम्र सांगणें कीं, हिशोबांत धरण्याजोगें सोनें हंडींत नाहीं. आणि थोरल्या पुतण्यास तितक्याच नम्रतेनें सांगणें कीं, कांचेंत सोनें असतें, आणि अर्धी गुंज असलें तरी त्याचे वीस नॅनोमीटरचे कण केले तर ते सातशें लक्ष कोटींहून अधिक भरतात. प्रत्येक कण मध्यम आंचेवर योग्य वेळीं थांबविलेला. ज्या कोणा कारागिरानें ते थांबविले, त्याच्या हाताची किंमत कोणत्या तागडींत घालावी, हें त्यानेंच ठरवावें.

कित्येक वाचक विचारतील कीं, हंडींत दिवा लावल्यानें हे कण आणखी वाढून रंग बिघडणार नाहीं काय? तशी भीति बाळगूं नये. समईच्या किंवा लहान दिव्याच्या ज्योतीनें हंडीची कांच ५०० अंशांच्या जवळपासही जात नाहीं. भीति आहे ती निराळी : तापलेल्या कांचेस गार पाणी लागलें किंवा ज्योत एकाच बाजूस टेकली तर साध्या कांचेसारखीच ही हंडीही तडकेल. पुसावयाची ती थंड झाल्यावर, मऊ फडक्यानें. खरवडून घासूं नये, कारण सारी लाली त्या पातळ पापुद्र्यांतच आहे.

राहिला बाईंचा मूळ प्रश्न. बाई, आपल्या मामंजींनीं 'हींत सोनें ठेवलें आहे' असें सांगितलें नव्हतें. 'सोन्याची कांच आहे, जपा' असें सांगितलें होतें. आपण दिलेल्या वर्णनावरून त्यांचें बोलणें खरें असण्याचाच संभव अधिक आहे. उद्यां यंत्रानें ती तांब्याची ठरली, तरी विकणाऱ्यानें जें सांगितलें तें त्यांनीं विश्वासानें घेतलें, एवढेंच सिद्ध होईल. आणि 'जपा' हा त्यांचा उपदेश तरीही खराच राहील. हंडी कोणाकडे जावी, हें आपण विचारलें नाहीं, म्हणून आम्ही सांगत नाहीं. एवढेंच सुचवितों कीं, ती एकाच घरीं, अखंड राहावी, आणि वाडा उतरण्यापूर्वीं ह्या गौरीगणपतींत सर्व भावांनीं व पुतण्यांनीं एकत्र जमून तींत एकदां दिवा लावावा. दिवसाच्या उजेडांत ती हंडी काळपट दिसते, हें आपणच लिहिलें आहे. त्या कांचेंतील सोनें दिसावयाचें तें आंत दिवा लागल्यावरच.